धुरपद धरणारे

भजन मंडळाचा इतिहास म्हटला की आधी पुढे बसणारे आठवतात. ज्याच्या हातात खंजिरी, ज्याचा गळा पार वेशीपर्यंत जातो, ज्याच्या नावानं मंडळ पंचक्रोशीत ओळखलं जातं, तो. त्याचा फोटो स्मरणिकेत येतोच, आणि यावाही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात गावागावांत श्रीगुरुदेव सेवामंडळाचं भजन इतकी वर्षं टिकलं ते त्याच्या मागे बसणाऱ्या चार-सहा जणांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचा गायक नोकरीला जातो, म्हातारा होतो, रुसून दुसऱ्या मंडळात जातो. मागचे तिथेच असतात. धुरपद, म्हणजे भजनाची परत परत येणारी ओळ, उचलायचं काम त्यांचं. पुढच्यानं कडवं कितीही रंगवलं आणि मागून धुरपद वेळेवर आलं नाही, तर भजन तिथेच बसतं. म्हणून संस्थेचा हा इतिहास मागच्या ओळीकडून सांगतो.

ही मागची ओळ गुरुदेव मंडळानं आमच्याकडे आणली नाही. ती आधीपासून होती. भात कापून घरात आला की भाऊबीजेपासून आमच्या झाडीत मंडई भरते, पुढे शंकरपट रंगतात आणि पार होळीपर्यंत कुठे ना कुठे रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालू असतं. दंडारीत गाणं एकट्याचं नसतंच. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झील धरायची. खडी गंमतीत शाहीर पुढे आणि झीलकरी मागे. तालुक्यातल्या गोंड गावांत रेला गातात तेव्हाही एका रांगेनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची आणि मध्ये ‘रेला’चा घोळ सगळ्यांनी मिळून धरायचा. म्हणजे आमच्याकडच्या माणसाला गाणं म्हणजे परत म्हणणं हे लहानपणापासून ठाऊक असतं. आपल्याच तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांना एवढ्या जंगलात एवढं नाटक कसं, याचं नवल वाटलं. आम्हाला नवल वाटलं ते त्यांना इतक्या उशिरा कळलं याचं. गावात गळे मोजकेच असतात. दंडारीत झील धरणारा, नाटकात पडद्यामागून कोरस म्हणणारा आणि गुरुवारी भजनात टाळ घेऊन बसणारा माणूस बहुधा एकच असतो.

या तयार गळ्यांना वेगळं वळण दिलं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. कोवळ्या वयातच ते घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत राहिले. यातलं गोंदोडा चिमूरजवळचं, म्हणजे पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातलं. आपला गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा निघाला तो थेट २६ ऑगस्ट १९८२ ला. तेव्हा महाराजांचा आणि या जंगलाचा संबंध जिल्ह्यांच्या आजच्या सीमांपेक्षा जुना आहे, आणि हे आमच्याकडची म्हातारी माणसं फार अभिमानानं सांगतात.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजींनी महाराजांना सेवाग्रामला बोलावून ठेवून घेतलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, १६ तारखेला, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’च्या लढ्यात चिमूर पेटलं. आष्टी, बेनोडा, यावली इथेही तेच. या सगळ्या टापूत महाराजांची भजनं घुमत होती आणि सरकारनं त्याचा हिशेब बरोबर लावला. ऑगस्टच्या शेवटी महाराजांना चंद्रपूरला अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. हातात कागद नाही, शस्त्र नाही, एक खंजिरी. पण एक माणूस गातो आणि हजार माणसं तेच परत म्हणतात, यात काय ताकद असते हे त्या सरकारला आपल्याआधी कळलं होतं असं म्हणावं लागतं. तुरुंगातून आल्यावर १९४३ साली श्रीगुरुदेव सेवामंडळाची रीतसर बांधणी झाली. महाराजांच्या भजनाला शाखा, सभासद, नियम आणि वेळ आली ती इथून.

वेळ महत्त्वाची. मंडळाचं रोजचं काम दोनच गोष्टींचं: पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. समोर मूर्ती नाही, अधिष्ठान. सगळ्यांनी सारख्या ओळींत, एका बैठकीत, एकाच सुरात म्हणायचं. कोणत्या जातीचा कोण, हे बसायच्या जागेवरून कळू नये अशी ती रचना आहे. ग्रामगीता १९५५ मध्ये आली. तिच्या ४१ अध्यायांत भजनावर आणि सामुदायिक प्रार्थनेवर स्वतंत्र अध्याय आहेत. महाराजांच्या लेखी भजन हे गावाचं काम होतं, झाडूइतकंच. नुसतं टाळ कुटून घरी जाणाऱ्या भजन्यांना त्यांनी कधी मोकळं सोडलं नाही. खंजिरी वाजली की पाठोपाठ गावसफाई, व्यसनमुक्ती, शिक्षण हे विषय आलेच पाहिजेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी आली, तेव्हा तो विषय आमच्या भजनाच्या वहीत कितीतरी आधीपासून लिहिलेला होता. मोहफुलाच्या प्रदेशात तो गाणं किती अवघड, हे मात्र मंडळाच्या माणसालाच विचारा. प्रार्थनेत समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरामागे दारूची मडकी असायची.

आता प्रत्यक्ष भजन कसं उभं राहतं ते सांगतो, कारण स्मरणिकांमधून हे कधी येत नाही.

बैठक साधी. पुढे खंजिरीवाला, तोच बहुधा मुख्य गायक. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला पेटी आणि तबला किंवा ढोलक. मागे टाळ घेतलेले. डोक्यावर भगवी टोपी. पेटीवाला आधी पट्टी विचारतो. इथेच मागच्या ओळीचं नशीब ठरतं. गायकाला आपला गळा दाखवायचा असला तर तो काळी चार सांगतो, आणि मागच्यांच्या मानेच्या शिरा पहिल्याच धुरपदाला फुगतात. समजूतदार गायक मागे वळून बघतो आणि एक पट्टी खाली घेतो. माझ्या मते भजनातला मोठेपणा यावरून ओळखावा.

मग गायक धुरपद एकदा म्हणतो. मागचे ते उचलतात. पहिल्या वेळी आवाज सैल असतो, कोणी शब्द चाचपतो, कोणी नुसते ओठ हलवतो. दुसऱ्या वेळी टाळ एकत्र पडायला लागतात. ठेका भजनी, आठ मात्रांचा, त्यात फारशी भानगड नाही. भानगड आहे ती सांध्यात. कडव्याचा शेवटचा शब्द गायक पूर्ण सोडत नाही. तो अर्ध्यावर असतानाच खंजिरीवर थाप वाढते, बोटं कडेच्या चकत्या झणझणवतात आणि त्या तुकड्याच्या शेवटी सम येते. नेमक्या त्या समेवर मागच्या ओळीनं धुरपद पकडायचं. क्षणभर आधी आलं तर गायकाचा शब्द मारला जातो, क्षणभर उशीर झाला तर खड्डा पडतो. हे कोणी शिकवत नाही. जुना टाळकरी नव्या पोराला मांडीवर हलकेच थाप मारून सांगतो, “धुरपद पडू देऊ नोको गा.” एवढाच काय तो क्लास. लय चढत जाते, चौथ्या-पाचव्या कडव्याला दुगुन होते, आणि मग मागे कोण, पुढे कोण हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्या दोन-तीन मिनिटांसाठी माणसं दिवसभर चिखलात राबून रात्री येतात. महाराजांचा विचार, गावाचं काम हे सगळं खरं, पण गाण्याची ही गोडी नसती तर कोणी आलं नसतं. हे लिहायला आपण उगाच लाजतो.

चार माणसांनी मिळून गाण्याच्या या गोडीची जगात आणखी कुठे संस्था झाली आहे का, म्हणून शोध घेतला तर अमेरिकेतला बार्बरशॉप क्वार्टेट सापडतो. नावाप्रमाणे त्याचा संबंध न्हाव्याच्या दुकानाशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये दाढीच्या दुकानात, रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसं वाद्याशिवाय चार आवाजांत गात. पुढे हे गाणं मागे पडायला लागलं, तेव्हा ओक्लाहोमातल्या तल्सा गावी ओवेन कॅश आणि रूपर्ट हॉल या दोघांनी ११ एप्रिल १९३८ रोजी हौशी गाणाऱ्यांना एका क्लबात बोलावलं. सव्वीस जण जमले आणि त्यातून देशभर पसरलेली संस्था झाली. आपल्या गुरुकुंजाच्या पाठोपाठचीच ही वर्षं. त्यांच्या गाण्याची रीत मात्र अगदी वेगळी. चाल म्हणणारा ‘लीड’ तिथे सगळ्यात वरच्या सुरात नसतो, त्याच्याही वर ‘टेनर’ गातो, तळाला ‘बास’, आणि ‘बॅरिटोन’ कधी लीडच्या वर, कधी खाली. चौघांचे चार वेगळे सूर, आणि ते बिनचूक जुळले तर कोणीच न गायलेला एक पाचवा सूर वर झणझणत ऐकू येतो. त्यासाठी ते जीव टाकतात. आपल्याकडे सगळे एकच सूर धरतात आणि मजा सुरांच्या थरात नसून समेवर येण्यात असते. पण दाखवायला कोणी नसलं तरी चौघांनी गावं, हौशीनं गावं, कानानं शिकावं, हे सगळं सारखंच.

त्या संस्थेच्या इतिहासात एक डागही आहे. ज्या काळ्या लोकांकडून हे गाणं आलं, त्यांनाच संस्थेनं बाहेर ठेवलं. १९४१ साली न्यूयॉर्कची स्पर्धा काळ्या हमालांच्या चौकडीनं जिंकली, तरी त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत येऊ दिलं नाही. ही दारं उघडायला १९६३ उजाडलं. हे वाचलं तेव्हा आमच्या प्रार्थनेतल्या त्या सरळ ओळींची किंमत मला नव्यानं कळली. आपल्या गावांतही सगळं आलबेल होतं आणि आहे असं नाही. ओळीत शेजारी बसणारे विहिरीवर शेजारी उभे राहत होतेच असं नाही. तरी बसायची जागा तरी एक होती, आणि ती नियमानं एक होती. राहता राहिला न्हाव्याचा मान. तो आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच दिलेला आहे. संत सेना महाराज व्यवसायानं न्हावी, आणि आपल्या धंद्याची हत्यारंच त्यांनी अभंगात आणली. आजही श्रावण वद्य द्वादशीला त्यांच्या पुण्यतिथीला नाभिक बांधवांकडे भजन असतं आणि आमचे टाळकरी तिथे हक्कानं जाऊन बसतात.

मंडळाच्या इतिहासाची खरी कागदपत्रं कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी ठरावांचं रजिस्टर दाखवणार नाही, भजनाच्या वह्या दाखवीन. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेल्या, हळदीकुंकवाचे आणि रॉकेलचे डाग पडलेल्या. प्रत्येक भजनावर कंसात ‘तर्ज’ लिहिलेली असते. महाराजांच्या छापील भजनावल्यांतही ती तशीच आहे. महाराज मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत लिहीत आणि हे भजन अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणावं अशी सूचना वर देत. पुढे छत्तीसगडची हद्द लागते, त्या अंगाच्या आमच्या गावांत छत्तीसगढी घरं आहेत, गोंडी घरं आहेत, तिथे हिंदी भजनं लवकर रुळली ती यामुळेच. स्वरलिपी कोणाला येत नव्हती, तर्ज हीच स्वरलिपी. अडचण अशी झाली आहे की ज्या गाण्याची तर्ज दिली ते गाणंच आता कोणाला माहीत नाही. मग पेटीवाला अंदाजानं नवी चाल लावतो, बहुतेक वेळा सिनेमाची. ती लोकांना आवडतेही. चालीबद्दल फार सोवळं पाळू नये, असं माझं मत. महाराजांनीच पाळलं नव्हतं. पण जुनी चाल येत असताना आळसानं नवी लावणं हे वेगळं.

वाद्याचीही एक गोष्ट आहे. जुन्या खंजिरीला घोरपडीचं कातडं असे. लाकडी कडं, त्यात पितळी चकत्या आणि वर ते पातळ, चिवट कातडं. त्याचा आवाज बारीक आणि टणक. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते थांबलं. थांबायलाच हवं होतं. वनखात्याच्या नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मग बकऱ्याचं कातडं आलं. ते पावसाळ्यात सैल पडतं. श्रावणात भजन सुरू व्हायच्या आधी खंजिरी शेगडीवर धरून शेकणारा पोरगा प्रत्येक मंडळात असतो. निखाऱ्यापासून वीतभर लांब धरायची, फिरवत राहायची आणि अधूनमधून नखानं टिचकी मारून आवाज बघायचा. जास्त शेकली तर फुटते. आता फायबरच्या पानाची खंजिरी मिळते, तिला ना ओल ना ऊन. आवाज थोडा डब्यासारखा, पण तक्रार करणारे कमी होत चालले आहेत. अकोला जिल्ह्याकडचे सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात, त्यांना पाहिल्यापासून पोरांना एक खंजिरी कमी वाटायला लागली आहे. हौस चांगली आहे. आधी एक नीट वाजवा म्हणावं.

महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. तेव्हापासून पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीला जाणं हा इथल्या मंडळांचा वर्षातला मोठा प्रवास. धान निसवण्याच्या-कापण्याच्या मधल्या दिवसांत तो येतो. कुरखेड्याहून वडसा, तिथून पुढे नागपूर, मग अमरावतीचा रस्ता. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखभर माणसं एकदम गप्प होतात. आयुष्यभर धुरपद उचलणाऱ्यांना गप्प बसणंही एकत्रच करावं लागतं, आणि ते गाण्याहून अवघड आहे असं जाऊन आलेले सांगतात. ज्यांना मोझरी लांब पडते ते वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर जातात. गीताचार्य तुकारामदादांनी तिथे ग्रामगीतेचं काम उभं केलं. आमच्या भागातल्या मंडळांना भजनाच्या पलीकडे ग्रामसभेपर्यंत नेण्यात त्या टेकडीचा वाटा मोठा आहे.

पडता काळ आला नाही असं नाही. इथलं वर्ष जंगलाच्या हिशेबानं चालतं. चैत्रात मोहफूल वेचायला घरंच्या घरं पहाटे रानात, मेमध्ये तेंदूपत्ता. सामुदायिक ध्यानाला अधिष्ठान असतं, माणसं नसतात. पाहणीसाठी मंडळाचा एखादा प्रचारक त्या दिवसांत येतो आणि ‘उपस्थिती निराशाजनक’ असा शेरा मारून जातो. त्यानं पोटाचा हिशेब केलेला नसतो. अलीकडे धान निघाल्यावर मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं वाढली. मागची ओळ तिथे विरळ झाली. पुढचा गायक गावात आहे आणि धुरपद घ्यायला दोनच माणसं, अशी भजनं मी ऐकली आहेत. मोबाईलवर ट्रॅक लावून कोरस भरून काढायचा प्रयत्नही ऐकला. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, मांडीवर थाप मारून सांगता येत नाही. तो प्रकार बंद पडला ते बरं झालं.

ही पोकळी भरली ती बायांनी. महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर अख्खा अध्याय लिहिला, तरी भजनाच्या बैठकीत बाया कित्येक वर्षं मागे, भिंतीला टेकून ऐकायलाच होत्या. आज तालुक्यात कुठल्याही गावात जा, गुरुवारचं भजन नियमानं चालवणारं मंडळ महिलांचं असण्याची शक्यता जास्त. बचत गटाची बैठक आटोपून त्याच सतरंजीवर भजन सुरू होतं. त्यांच्यात एक गोष्ट मला फार आवडते. पुढे बसणारी ठरलेली नसते. एक भजन एकीनं घेतलं की खंजिरी पुढच्या बाईकडे जाते आणि आधीची मागे सरकून टाळ घेते. पुरुषांच्या मंडळात असं खंजिरी सोडून मागे जाणं म्हणजे मानभंग. स्त्री-पुरुष एकत्र गातात तेव्हा पट्टीचा घोळ होतो हे खरं. पुरुषांना सोयीची पट्टी बायांना फार खाली जाते. पण दोघांनी वरखाली सप्तकात तेच धुरपद घेतलं की त्या भजनाला जो भरघोस आवाज येतो, तो एकट्या कुणाच्याच मंडळात नाही.

स्पर्धांबद्दल चार शब्द लिहावेच लागतील, कारण स्मरणिकेत ढालींचे फोटो असतील. खंजिरी भजन स्पर्धांनी पोरं मंडळात आणली, वाद्यं आणली, एकसारखा गणवेश आणला. नुकसान एवढंच की बक्षिसासाठी बाहेरगावचा गायक आणून बसवायची सवय लागली. परीक्षक गुण देतात ते बहुधा त्या गळ्याला. मागची ओळ त्याच्या शोभेला. ज्या दिवशी एखादा परीक्षक डोळे मिटून फक्त धुरपद कसं पडतं ते ऐकेल आणि त्यावर ढाल देईल, त्या दिवशी आमच्या तालुक्यातली दोन-तीन अगदी अनोळखी मंडळं पहिली येतील. त्यांची नावं इथे लिहीत नाही, बाकीचे रुसतील.

स्मरणिकेच्या निमित्तानं मंडळाच्या शाखांना एक काम सुचवतो. ज्या वह्यांत तर्ज लिहिली आहे आणि ती चाल ज्यांच्या गळ्यात अजून आहे, अशा टाळकऱ्यांकडून ती भजनं मोबाईलवर म्हणवून घ्यावीत. गायकाला बोलवू नये, तो आपल्या जागा घेईल. मागच्या ओळीतल्या दोघा-तिघांना बसवावं, वही समोर ठेवावी, पेटी लावू नये, आणि त्यांना जसं येतं तसं धुरपद आणि पहिलं कडवं म्हणू द्यावं. ध्वनिमुद्रणावर गावाचं आणि भजनाचं नाव बोलून घ्यावं. मिरचीवाले परत आले आणि तेंदूचा हंगाम अजून लागला नाही, असे जे थोडे दिवस मध्ये मिळतात त्यात हे उरकता येईल.